कॅन्सर होतो हे माहीत आहे. मग?

तंबाखूच्या पुडीवर आता ८५ टक्के जागा भयंकर चित्राने व्यापलेली असते. सडलेला जबडा, गालाला पडलेलं भोक. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून ते छापतात, आणि कळतंही. कुठल्याही टपरीवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, "कॅन्सर होतो, माहितीये की." आणि बोलता बोलता तळहातावर चुना मळत राहील. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळले. म्हणजे चारांत एकाहून जास्त. एवढ्या सगळ्यांना धोका ठाऊक नव्हता असं म्हणणं अवघड आहे.

तरीही आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य कार्यक्रमांचा पाया एकच असतो: लोकांना कळत नाही म्हणून ते चुकीचं वागतात, कळवलं की सुधारतील. मग प्रभातफेरी निघते, शाळेच्या भिंती रंगतात, पथनाट्य होतं, पाहुण्यांचं भाषण होतं, फोटो निघतात. मी ह्याच्या विरोधात नाही. लसीकरण कोणत्या दिवशी आहे हे सांगायला दवंडीच हवी. पण रोजची सवय बदलायची असेल तर दवंडीने फार लांब जाता येत नाही, आणि आरोग्याच्या अभ्यासकांना हे कळून आता सत्तर वर्षं होत आली.

सुरुवात झाली ती अमेरिकेत. १९५० च्या दशकात तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोग शोधण्यासाठी एक्स-रे काढणाऱ्या गाड्या वस्त्यावस्त्यांत पाठवल्या. तपासणी फुकट, गाडी दाराशी, तरी लोक येईनात. तेव्हा तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी न येणाऱ्यांना अडाणी ठरवण्याऐवजी माणूस मनात काय हिशेब मांडतो ते शोधायला घेतलं. त्यातून चार प्रश्न पुढे आले. हा आजार मला होऊ शकतो का? झालाच तर कितपत वाईट? हे लोक सांगताहेत ते केल्याने खरंच फायदा होईल का? आणि त्यासाठी मला काय सोसावं लागेल? आरोग्य-समजुतींचं प्रारूप म्हणून हे पुढे जगभर शिकवलं गेलं.

आता हेच प्रश्न मशेरी लावणाऱ्या बाईला लावून पाहा. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरून ठेवायची. घरभर ठसका उठतो, पण वासाची सवय झालेली असते. पहाटे उठल्यावर बोटाने ती दातांना लावून बाई ओट्यावर बसते. दिवसभरात तिच्या एकटीच्या वाट्याला येणारी तेवढीच काय ती दहा मिनिटं. बहुधा लहानपणी दात दुखला तेव्हा आजीनेच पहिल्यांदा लावून दिलेली असते. लावली नाही तर पोट साफ होत नाही, डोकं धरतं, कामात हात चालत नाही. शिवाय तंबाखूने भूक मरते, आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवणाऱ्या बाईला तेही सोयीचंच असतं.

"कॅन्सर होतो" हे पोस्टर तिच्या पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देतं. चौथ्या प्रश्नाकडे कोणी फिरकत नाही. सोडल्यावर पहिले पाच-सहा दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, शौचाला त्रास होईल, तेव्हा काय करायचं? हे सांगणारं पोस्टर माझ्या तरी पाहण्यात नाही.

इथे आणखी दोन जणांचं काम उपयोगी पडतं. अल्बर्ट बांडुरा ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की माणूस एखादी गोष्ट करायला घेतो की नाही, हे "मला जमेल" ह्या भरवशावर पुष्कळसं ठरतं. हा भरवसा नुसत्या भाषणातून फारसा येत नाही. तो जास्त येतो आपल्यासारख्याच कोणाला तरी जमलेलं पाहून, आणि थोडं थोडं स्वतः करून बघून. म्हणजे गावात मशेरी सोडलेली एक बाई मोठ्या डॉक्टरच्या व्याख्यानापेक्षा जास्त कामाची. दुसरं काम प्रोचास्का आणि डिक्लेमेंट ह्या जोडीचं. सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की माणूस एका रात्रीत बदलत नसतो. आधी त्याच्या मनात तो विषयच नसतो, मग घोळायला लागतो, मग तयारी, मग सोडणं, मग ते टिकवणं. मध्ये घसरणंही आलंच, आणि ते त्यांनी हिशेबात धरलं. ज्याच्या मनात विषयच नाही त्याला "आजच सोडा" म्हणणं फुकट जातं. आणि घसरलेल्याला "तुझ्याच्याने व्हायचं नाही" म्हणणं तर उलटं पडतं.

हे सगळं उपयोगाचं आहे, पण ह्यात एक मोठी खोट आहे. सगळा भार एकट्या बाईच्या डोक्यावर जातो. तिने समजून घ्यायचं, तिने ठरवायचं, तिने टिकवायचं, आणि नाही जमलं तर दोषही तिचाच. तंबाखू पिकवणारा, विकणारा, परवाना देणारा, तिला शेवटी जेवायला लावणारं घर, ह्यातलं कोणीच चित्रात नाही.

ही चौकट मोडायला ज्यांचा हातभार लागला त्यांत ब्रिटिश साथरोगशास्त्रज्ञ जेफ्री रोझ ह्यांचं नाव आधी घ्यावं लागेल. १९८५ मध्ये त्यांनी एक साधं पण अडचणीचं बोट ठेवलं: हा माणूस आजारी का पडला, आणि ह्या समाजात इतके लोक आजारी का पडतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रक्तदाब बघा. खूप वाढलेला दाब मोजक्या लोकांचा असतो. पण थोडासा वाढलेला दाब असणारे इतके असतात की पक्षाघाताचे पुष्कळसे रुग्ण त्यांच्यातूनच येतात. डॉक्टर मात्र पहिल्यांच्याच मागे असतात, कारण तेच दवाखान्यात येतात. सगळ्यांच्या जेवणातलं मीठ थोडंसं कमी झालं तर एकेका माणसाला फरक जाणवणारही नाही, पण जिल्ह्याच्या आकड्यात दिसेल. अडचण अशी की ज्याला स्वतःला फरक जाणवत नाही, तो मीठ कमी का करील? म्हणून अशा ठिकाणी समजावण्यापेक्षा धोरण कामाला येतं. आयोडीनयुक्त मीठ आपण सगळे खातो. गलगंडावर व्याख्यान ऐकून ते निवडणारा माणूस मला अजून भेटायचाय. दुकानात तेच मिळतं, बस.

१९८६ च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात जागतिक आरोग्य संघटनेची आरोग्य संवर्धनावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे निघालेली ओटावा सनद आजही ह्या क्षेत्राचा पाया मानतात. तिचं म्हणणं असं की लोकांचा स्वतःच्या आरोग्यावर ताबा वाढला पाहिजे, आणि तो वाढवायला मदत करणं हे काम आहे. त्यासाठी पाच बाजूंनी हात घालायचा: आरोग्याला धरून धोरणं, निरोगी राहता येईल अशी परिस्थिती, लोकांची संघटित कृती, माणसाची स्वतःची कौशल्यं, आणि आरोग्यसेवेचं तोंड उपचारांकडून जरा आधीच्या टप्प्याकडे वळवणं. आपण ज्याला जनजागृती म्हणतो ती ह्या पाचांतल्या चौथ्यात, तीही कोपऱ्यात बसते. पैसा आणि बॅनर मात्र तिच्यावरच जास्त.

धोरण म्हटलं की कायदा डोळ्यांपुढे येतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. दोन्ही पाळलं जातं का, हे वाचकाने घराबाहेर पडून बघावं. कायद्याने माल काउंटरवरून खाली जातो, दुकानातून जातोच असं नाही. तरीही मी कायद्याच्या बाजूने आहे. सातवीतल्या पोराला पुडी सहज हाताला लागणं आणि कुजबुजत मागावी लागणं, ह्यात फरक आहे.

अवघड असतो तो पोटाचा प्रश्न. फिनलंडच्या पूर्वेला नॉर्थ कारेलिया नावाचा प्रांत आहे. १९७० च्या सुमारास तिथले कर्ते पुरुष हृदयविकाराने पटापट जात होते. लोकांनीच सरकारकडे अर्ज केला आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का ह्या तरुण डॉक्टरच्या पुढाकाराने तिथे प्रकल्प सुरू झाला. लोणी कमी, मीठ कमी, धूम्रपान कमी, भाज्या-फळं जास्त. पण त्या भागाचं पोट दुधावर. लोणी खाऊ नका म्हणजे शेजाऱ्याची गाय विका. तेव्हा प्रकल्पाने बायकांच्या मंडळांना धरून घरोघरच्या स्वयंपाकात बदल केले, आणि शेतकऱ्यांना दुधाला जोड म्हणून बेरीच्या फळांचं पीक घ्यायला मदत केली. पुढच्या तीन-चार दशकांत तिथल्या कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. सगळ्याच फिनलंडमध्ये ते घटत होते, त्यामुळे नेमकं श्रेय किती ह्यावर वाद आहे. बेरीचा धडा मात्र वादातीत आहे. आपल्याकडे सोलापुरात हजारो बायकांचं घर विड्या वळण्यावर चालतं. तंबाखूमुक्तीची घोषणा तिथे करायची तर आधी त्यांच्या सुपाचं काय, हे सांगावं लागेल.

आता जरा आपल्या मातीतलं उदाहरण. ओटावाच्या सोळा वर्षं आधी, १९७० मध्ये, रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. शहरात दवाखाना थाटून चांगलं चाललं असतं. जामखेड म्हणजे कोरडवाहू मुलूख, दुष्काळ पाचवीला पुजलेला, हजार बाळांमागे १७६ वर्षाच्या आत दगावणारी.

लोकांची मागणी काय होती? आरोग्य ही नव्हे. पाणी आणि अन्न. लगेच १९७२ चा दुष्काळ आला. आरोळ्यांनी तेच काम आधी हातात घेतलं: मुलांसाठी जेवण, आणि बोअर घेऊन हापसे. ह्यातली एक गोष्ट रजनीकांत आरोळे स्वतः सांगत. गावची विहीर दलितांना बंद. तेव्हा हापसे दलित वस्तीच्या बाजूला बसतील असं बघितलं गेलं. पाणी हवं तर वरच्या आळीच्या बायकांना तिथे यावं लागणार. जातीच्या विरोधात एकही भाषण न करता हे झालं. आणि स्वच्छ पाण्याने जुलाब कमी होतात, तेव्हा ते आरोग्याचं कामही झालंच. ओटावात ज्याला "निरोगी राहता येईल अशी परिस्थिती" म्हटलं, ती ही.

पुढचा प्रश्न माणसांचा. शिकलेल्या नर्सबाई गावात राहायला तयार नसत, आणि राहिल्या तरी गावाला त्या परक्या. मग गावाने निवडलेल्या बायका घ्यायच्या ठरलं. बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत, आणि थोडं थोडं शिकून परत जात. मुलांचं वजन, सुखरूप बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं. पुढच्या आठवड्यात परत आल्यावर काय जमलं, कोण ओरडलं, कोणाच्या सासूने हाकललं, ह्यावर बोलणं. शिक्षण आणि आधार दोन्ही तिथेच.

ह्या बायकांचं बळ कशात होतं ते एका उदाहरणात दिसतं. गरोदरपणी कमी खायचं, हा आपल्याकडे खेडोपाडी जुना रिवाज. बाहेरून आलेला माणूस ह्याला अंधश्रद्धा म्हणतो आणि "दुप्पट खा" असं पोस्टर लावतो. पण सासूचा हिशेब ऐका: जास्त खाल्लं तर पोटात बाळ मोठं होणार, मोठं बाळ अडणार, आणि अडलं तर इथून दवाखाना किती लांब? गाडी नाही, रस्ता नाही, पैसा नाही. तिने अडलेल्या बायका मरताना पाहिलेल्या असतात. तिच्या परिस्थितीत हा अडाणीपणा मुळीच नाही, ही तिने घेतलेली खबरदारी आहे. तिला उत्तर द्यायचं तर दोन गोष्टी हव्यात. अडलेलं बाळंतपण सोडवायची खात्रीची सोय, आणि "माझ्या सुनेनं पोटभर खाल्लं, बाळंतपण सुखाचं झालं" असं सांगणारी तिच्याच आळीतली बाई. जामखेडला दवाखाना होता, आणि गावोगावी ती बाईही होती. पोस्टरकडे ह्यातलं काहीच नसतं.

पुरुष ह्यात मागे राहू नयेत म्हणून तरुण शेतकरी मंडळं झाली. त्यांच्याशी बोलणं सुरू व्हायचं ते शेतीवरून, बियाण्यावरून, पाण्यावरून. आरोग्य मागाहून आलं. महिला मंडळांत उसनवारी, कर्ज, दारू हे विषय आधी. हे आडवळण वाटेल, पण दारू पिऊन मारणारा नवरा घरात असताना पोषणाची चर्चा कशी करणार?

१९९० च्या दशकापर्यंत जामखेडच्या गावांतला बालमृत्युदर हजारी तिसाच्या खाली आला. त्याच काळात सगळीकडेच तो घटत होता, शिवाय हे आकडे प्रकल्पाचे स्वतःचे आहेत, हे ध्यानात ठेवून वाचावं. पण सुरुवातीच्या पाच-सहा वर्षांतच एवढा उतार पडला होता की जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये अल्मा-आटा (आताच्या कझाकस्तानातलं अल्माटी) इथे १३४ देशांनी "सर्वांसाठी आरोग्य" ही घोषणा केली, तिच्यामागे जी मोजकी उदाहरणं होती त्यांत हे एक. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

"स्वतःचेच आकडे" ह्या आक्षेपाला पक्कं उत्तर गडचिरोलीतून आलं. अभय आणि राणी बंग ह्यांच्या "सर्च" संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं: वजन, ऊब, स्तनपान, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा. हे केलं ३९ गावांत, आणि तुलनेला ४७ गावं ठेवली. १९९९ मध्ये "लॅन्सेट" ह्या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देते, त्याचं मूळ इथे आहे.

गडचिरोलीचीच दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. आदिवासी दवाखान्यात यायला का घाबरतात, हे बंगांनी त्यांनाच विचारलं. उत्तरांत एक असं होतं: तुमचे डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आमच्यात पांढऱ्यात मेलेल्याला गुंडाळतात. शिवाय रोग्याबरोबर घरचे आले तर त्यांनी राहायचं कुठे? मग नवा दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला, नातेवाइकांसह राहता येईल असा, आणि नाव दिलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. लोकांना दवाखान्याची सवय लावण्याऐवजी दवाखान्यानेच आपला अवतार बदलला. सनदेतला पाचवा मुद्दा इतका सोपा करून दाखवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

आता कोणी म्हणेल, सूत्र सापडलं: बायकांचे गट करा, गप्पा करा, आरोग्य सुधारेल. इथेच सावध व्हायला हवं.

झारखंड आणि ओडिशात "एकजुट" संस्थेने आदिवासी गावांत बायकांचे गट बांधले. महिन्यातून एक बैठक. चित्रांचे पत्ते मांडून बाळंतपणातल्या अडचणी ओळखायच्या, गोष्ट सांगून त्यामागची कारणं एकेक करत उलगडायची, मग गावाने स्वतः उपाय ठरवायचा. कुठे गाडीभाड्यासाठी पैसे जमवले जात, कुठे बाळंतपणाचं स्वच्छ साहित्य आधीच तयार ठेवलं जाई. पोषणाचं भाषण नाही, डॉक्टरही नाही. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांत तीन वर्षांमध्ये नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

जवळजवळ हीच पद्धत मुंबईच्या झोपडपट्ट्यांत वापरली गेली. तिथल्या अभ्यासाचा निकाल २०१२ मध्ये आला: फरक म्हणावा असा पडला नाही. बायका वाईट होत्या की कार्यकर्त्या कमी पडल्या? तसं नाही. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होत होती आणि बाळांचे मृत्यू मुळातच कमी होते. गटाला भरून काढायला जी पोकळी झारखंडात मिळाली, ती इथे नव्हती. त्यात चाळीत भाड्याने राहणारी माणसं, आज इथे, उद्या कल्याणला. बाळंतपणाला माहेरी, म्हणजे कुठे रत्नागिरी तर कुठे आझमगड. गावात ज्याला "समाज" म्हणतात तो वस्तीत गृहीत धरता येत नाही. पुढे सात अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा आणखी एक उलगडा झाला. जिथे गरोदर बायकांपैकी साधारण एक तृतीयांश तरी गटात आल्या, तिथेच मृत्यू स्पष्टपणे घटले. सगळ्या गावाऐवजी पाच-दहा उत्साही बायकाच बैठकीला येत असतील तर फोटो छान येतो, बाकी काही होत नाही.

सहभागाचं सोंग ही जुनी खोड आहे. शेरी आर्नस्टाइन ह्या अमेरिकन बाईंनी १९६९ मध्ये नगररचनेच्या संदर्भात लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना गुंडाळणं, मध्ये माहिती देणं आणि मत विचारणं, वर सत्तेत वाटा आणि शेवटी लोकांचाच ताबा. आपल्या बैठका कुठल्या पायरीवर असतात ते हजेरीच्या कागदावरच्या अंगठ्यांवरून समजत नाही, अजेंडा कोणी ठरवला ह्यावरून समजतं.

आशाताईचं उदाहरण त्रासदायक आहे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात ही योजना आली, आणि तिच्यात जामखेड-गडचिरोलीचा वारसा उघड आहे. पण जामखेडची बाई गावाला उत्तर द्यायची, आशा रजिस्टरला देते. योजनेत तिचा मोबदला ठरला तो मुख्यतः कामागणिक: इतक्या भेटी, इतकी बाळंतपणं, इतके फॉर्म. सासूजवळ बसून तासभर बोलून तिची खबरदारी समजून घेणं, ह्याला रजिस्टरमध्ये रकानाच नाही. ज्या आशा तरीही ते करतात, त्या स्वतःच्या खिशातून करतात, वेळेच्या आणि कधी कधी पैशाच्याही.

लाजवण्याचंही तेच. उघड्यावर बसणं थांबावं म्हणून गावोगावी गुड मॉर्निंग पथकं पहाटे शिट्ट्या फुंकत फिरली. गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढले, दंड केला. काही ठिकाणी संडास बांधले गेले आणि वापरलेही गेले. पण पाणी तीन दिवसांनी येतं त्या घरात संडासात सरपण आणि गोवऱ्या भरलेल्या दिसतात, आणि पहाटे लाज गेली ती बहुतेक बायकांची आणि म्हाताऱ्यांची. माझ्या मते हा आरोग्य संवर्धनाचा प्रकारच नव्हे. ताबा वाढायच्या ऐवजी गेला.

ताबा वाढवायचं एक साधन कागदावर तरी प्रत्येक गावाकडे आहे. महसुली गावागणिक आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी ठरवला गेला, म्हणजे कशावर खर्चायचा ते गावाने ठरवायचं. २००७ पासून महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांत पुण्याच्या "साथी" संस्थेच्या समन्वयाने लोकाधारित देखरेख सुरू झाली. गाव स्वतःच आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरायचं: लसीकरण, औषधं, नर्सताईंच्या भेटी, दवाखान्यातली वागणूक, आणि प्रत्येकापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. मग जनसुनवाई. तालुक्याचे, जिल्ह्याचे अधिकारी समोर, आणि बाई उभी राहून सांगते की औषध बाहेरून आणायला लावलं, पावती ही. अधिकाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, कारण सगळं गाव बसलेलं असतं.

तुमच्या गावात ही समिती आहे का ते ग्रामसभेत विचारा. शेवटची बैठक कधी झाली, सभासद कोण, पैसे कशावर गेले. खर्चाच्या यादीत खुर्च्या, सतरंजी आणि फ्लेक्स हेच असतील, तर पुढच्या वर्षाच्या पैशात गावातल्या किती बायका गरोदर आहेत आणि दवाखान्यात जायला रात्री गाडी कोणाची मिळेल, एवढं तरी ठरवून ठेवता येतं. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.